पावसाच्या तोंडावर फाइन्सचं लोडिंग: ताशी ३००० टन पुरे की ६००० हवेत?

प्रश्न: जेट्टी_आराखडा

गोव्यात झुवारीच्या मुखापाशी लोहखनिजाचे फाइन्स (बारीक चुरा) निर्यात करण्यासाठी जेट्टीची प्राथमिक आखणी चालू आहे. माल ० ते १० मिमी, बल्क घनता २.० ते २.८ टन/घमी, बार्ज २००० टनांचे, जहाजं ७५,००० डीडब्ल्यूटीची (एकूण भारवहन क्षमता, टनांत) पॅनामॅक्स, म्हणजे पनामा कालव्याच्या जुन्या मापाची. यार्ड ते शिपलोडर (जहाजात माल ओतणारं यंत्र) वाहक पट्टा ८०० मीटर. आधी ३००० टन/तास धरले होते. मेअखेरीस जास्त जहाजं काढता यावीत म्हणून आता ६००० करा, असा आग्रह आहे. शिवाय ओल्या मालाने ट्रान्स्फर टॉवरचे (एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर माल पडतो तिथले) च्यूट, म्हणजे घसरनळ्या, तुंबतात, त्याची तजवीज आत्ताच कशी करायची?

उत्तर: ड्राफ्टमार्क

६००० कशासाठी, ते आधी कागदावर तपासा. जहाज रिकामं येतं म्हणजे पोटात बॅलास्टचं (तोल राखायचं) पाणी घेऊन येतं, आणि माल भरता भरता ते उपसावं लागतं. समजा २२,००० टन पाणी आहे आणि ९०० घमी/तासाचे दोन पंप आहेत. नुसता उपसा १२ तासांचा. शेवटचं तळाचं पाणी फार हळू निघतं, म्हणून १५-१६ धरा. आता ७०,००० टन माल. हॅच (मालकोठ्याचं तोंड) बदलणं, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती बुडालंय ते) वाचणं हे सगळं धरून नाममात्र क्षमतेच्या ६५-७० टक्केच हाती लागतात. म्हणजे ३००० ला साधारण ३५ तास, ६००० ला १७. तुमचा वेग पंपांच्या वेगाला जाऊन भिडतो. पंप जरा मागे पडले की शिपलोडर थांबणार, आणि ६००० साठी लागणाऱ्या १८०० मिमी रुंद पट्ट्यावर केलेला खर्च वाया जाणार.

दुसरं, पट्ट्यावरचा माल. ३००० टन/तास आणि २.५ मी/से असेल तर मीटरमागे ३३३ किलो, ८०० मीटरवर सुमारे २६७ टन. ६००० आणि ३ मी/से असेल तर ४४० टनांच्या वर. पॅनामॅक्सला एक सेंटिमीटर ड्राफ्टला ६५ टनांच्या आसपास लागतात. म्हणजे "थांबवा" म्हटल्यानंतरही जहाज चार ते सात सेंटिमीटर बसणारच. ट्रिमिंगचा (जहाज समतोल करण्याच्या भरतीचा) शेवटचा हात हा आकडा वजा करूनच द्यायचा, आणि बेल्ट स्केल (पट्ट्यावरचा वजनकाटा) शिपलोडरच्या जितका जवळ तितका चांगला.

माझं मत: ३००० वर राहा, १४०० मिमी पट्टा, ३५ अंशांचा ट्रफ (पट्ट्याच्या कडा वर उचलून केलेली पन्हळ). वाचलेला पैसा यार्डवर घाला. एक खबरदारी मात्र घ्या. पट्ट्याची रुंदी २.० घनतेवर काढा. गॅलरी, ड्राइव्ह आणि शिपलोडरचा बूम २.८ वर, पट्टा काठोकाठ भरलाय असं धरून. दोन्हीकडे सरासरी घनता धरली की पट्टा सांडतो किंवा मोटर ट्रिप होते.

उत्तर: ओलावा_नोंद

पैसा यार्डवर, याला पूर्ण अनुमोदन. या टर्मिनलचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. ६०,००० टनांचा ढीग, १० मीटर उंच, जमिनीवर साधारण ५००० चौमी. त्यावर १०० मिमी पाऊस, जो आपल्याकडे जूनमध्ये एका दिवसात पडतो, म्हणजे ५०० टन पाणी. सगळं मुरलं तर ओलावा ०.८ टक्क्यांनी चढला. उलट १५ × १५ मीटरच्या उघड्या हॅचमधून ५० मिमी पावसाचं पाणी जातं सव्वाअकरा टन. हॅच बंद करायचीच, पण ढीग उघडा ठेवून नुसत्या हॅचकडे लक्ष देणं चुकीचं आहे.

ओलावा टीएमएलच्या (जहाजाने न्यायला चालणारी ओलाव्याची कमाल मर्यादा) वर गेला की काय होतं: जहाजाच्या हादऱ्यांनी कण दाबले जातात, मधल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांमधलं घर्षण संपतं आणि घट्ट दिसणारा माल चिखलासारखा एका बाजूला सरकतो. २००९ च्या जुलैमध्ये नवमंगळूरजवळ 'एशियन फॉरेस्ट' आणि सप्टेंबरमध्ये पारादीपजवळ 'ब्लॅक रोज' बुडालं. दोन्हींत लोहखनिजाचे फाइन्स होते, दोन्ही वेळा पावसाळा होता.

१ मिमीपेक्षा बारीक १० टक्के किंवा अधिक, आणि १० मिमीपेक्षा बारीक ५० टक्के किंवा अधिक, असं असेल तर आयएमएसबीसी कोडच्या (सुट्या घन मालाच्या सागरी वाहतुकीची आंतरराष्ट्रीय नियमावली) 'आयर्न ओअर फाइन्स'च्या वेगळ्या शेड्यूलकडे बघा. ते १ जानेवारी २०१७ पासून बंधनकारक आहे. टीएमएल चाचणी सहा महिन्यांच्या आतली, ओलाव्याचा नमुना लोडिंगच्या आधी सात दिवसांच्या आतला. मध्ये जोराचा पाऊस झाला तर ओलावा पुन्हा तपासायचा. नमुना वरच्या सुकलेल्या कातडीवरून घेऊ नका. पृष्ठभाग खरवडून हातभर खोल जा आणि पिशवी तिथेच सीलबंद करा.

यार्डसाठी: जमिनीला १ ते १.५ टक्के उतार, ढिगांच्या मधून गटार, शेवटी गाळ बसवायचं तळं. ढिगाचा माथा सपाट ठेवू नका, तिथे डबकं साचतं. तळाचा अर्धा मीटर थर सगळ्यात ओला असतो, तो उचलायचा नाही. बार्जमध्येही तेच: ग्रॅबच्या शेवटच्या घासात तळाचा रेंदा येतो, तो वेगळ्या प्लॉटवर निथळायला टाका.

जेट्टी_आराखडा: ३००० चं गणित पटलं. च्यूटबद्दल कोणी सांगेल का? आराखड्यात रॉक बॉक्स (माल मालावरच आदळावा म्हणून ठेवलेला कप्पा) आणि सिरॅमिक लायनर (आतलं अस्तर) आहेत.

उत्तर: कॅरीबॅक

कोरड्या लम्पला (खनिजाच्या ढेकळांना) रॉक बॉक्स उत्तम. लॅटेराइटी, चिकणमाती असलेल्या ओल्या फाइन्सला नको: कोपऱ्यात माल थापला जातो, थापीवर थापी चढते आणि तोंड बंद होतं. त्याऐवजी हुड आणि स्पून (वर वळणदार टोप, खाली पळीसारखा पत्रा) घ्या, म्हणजे प्रवाह न आपटता वळतो. दोन पत्रे मिळतात त्या खाचेचा कोन मोजा, पत्र्याचा नव्हे; तो ६५ ते ७० अंश हवा. माल जिथे आदळतो तिथे सिरॅमिक ठेवा, जिथे नुसता घसरतो तिथे यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन (गुळगुळीत, चिवट प्लास्टिक). बोल्टची डोकी लायनरच्या वर आली तर चिकटायला तिथूनच सुरुवात होते.

हेड पुलीवर (पट्ट्याच्या पुढच्या टोकाच्या रोलरवर) टंगस्टन कार्बाइडचा प्राथमिक स्क्रेपर, म्हणजे चिकटलेला माल खरवडणारं पातं, मागे दुय्यम. पट्ट्याचे सांधे व्हल्कनाइज्डच (उष्णतेने रबर एकजीव केलेले) हवेत, मेकॅनिकल फासनर कार्बाइडची धार मोडतो. स्क्रेपरची खरवड पडायचा वेगळा ड्रिबल च्यूट पुरेसा उभा ठेवा, नाहीतर मुख्य च्यूट मोकळा आणि तो तुंबलेला अशी अवस्था होते. प्रत्येक च्यूटला ब्लॉक स्विच (तुंबल्याची खूण देणारा) द्या, मागचे सगळे पट्टे त्याच क्षणी थांबतील असं इंटरलॉकिंग करा, आणि आत न उतरता साफ करता येईल असा दरवाजा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा.

ओलावा_नोंद: एक भर. शिपलोडरजवळ कॅन टेस्टची (डब्याने जागेवरच ओलावा पाहायची) जागा आणि लोडिंग थांबवण्याचं बटण शेजारी ठेवा. अर्धा ते एक लिटरचा डबा अर्धा भरायचा, २० सेंमीवरून कठीण पृष्ठभागावर २५ वेळा आपटायचा, दोन ठोक्यांत एक-दोन सेकंद. वर पाणी चमकलं किंवा माल ओघळला तर बटण दाबा आणि प्रयोगशाळेची फेरतपासणी येईपर्यंत हॅच बंद. काहीच दिसलं नाही तर तेवढ्यावर माल सुरक्षित ठरत नाही, फाइन्स कोरडे दिसूनही टीएमएलच्या वर असू शकतात.