नळाच्या पाण्यातच अमोनिया: टँकचं पाणी बदलायचं की नाही?

काचपेटी
पुण्यात सिंहगड रोडला फ्लॅट, ८० लिटरचा टँक, गप्पी आणि चार कोरी (कोरीडोरास) मासे. दर रविवारी २० लिटर पाणी बदलतो. या रविवारी सहज म्हणून नळाच्याच पाण्याची अमोनिया टेस्ट केली. ५ मिली पाणी, थेंब टाकले, पाच मिनिटं थांबलो, ट्यूब खिडकीपाशी पांढऱ्या कार्डावर धरली. पिवळी राहायला हवी होती, ती झाली कैरीच्या सालीसारखी हिरवी. १ पीपीएम, म्हणजे लिटरला १ मिग्रॅ! टँकची ट्यूब मात्र पिवळीधमक. म्हणजे विष मीच बादलीने आणून ओततोय. माझं मत: असं पाणी येतंय तोवर बदलणं बंद. उडून जाईल तेवढंच वरून भरायचं.

जुनाजाणता
शंभर टक्के सहमत. २२ वर्षं टँक सांभाळतोय, वर्षातून दोनदा पाणी बदलतो. गेल्या दिवाळीत सूनबाईंनी हौसेने अर्धा टँक उपसून नवं पाणी भरलं, संध्याकाळी तीन एंजल पोट वर करून. पाणी मुरलेलंच बरं. आणि बदलायचंच असेल तर दोन दिवस बादलीत उघडं ठेवा, काय असेल ते उडून जातं. किटं विकत घ्यायची आणि मग झोप उडवायची, हा नवा छंद आहे.

टेस्टट्यूब
काका, सपशेल असहमत. बादलीतून उडतो तो क्लोरिन. अमोनिया आपल्याकडच्या पाण्यात बहुतेक अमोनियमच्या, म्हणजे कमी विषारी रूपात असतो, तो दोन दिवसांत कुठेही जात नाही. दोघं एकत्र असले तर त्यांचं क्लोरामाइन होतं आणि ते क्लोरिनपेक्षा जास्त चिवट.

काचपेटी, तुमचं गणित करून बघा. ८० लिटरमध्ये २० लिटर, म्हणजे टँकमध्ये ०.२५ पीपीएम. पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप; तो चढेल तसा अमोनियमचा विषारी अमोनिया होतो) ७.४ असेल तर त्यातला खरा विषारी अमोनिया शंभरात दीड भाग. मुरलेला, जिवाणू वसलेला फिल्टर एवढं एका दिवसात आरामात खातो. आणि नुसतं वरून भरून सुटका नाही, कारण उडतं ते पाणी. क्षार मागेच राहतात, फिल्टर अमोनियाचं शेवटी जे करतो ते नायट्रेट साठत जातं. बंद करू नका, २० ऐवजी दर तीन दिवसांनी ८ लिटर बदला.

काचपेटी
पण मी हायपो टाकलं होतं, तरी ट्यूब हिरवीच.

टेस्टट्यूब
हिरवीच राहणार. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ते फक्त क्लोरिनला मारतं. क्लोरामाइन असेल तर ते फोडून आतला अमोनिया उलट मोकळा करतं. अमोनिया बांधणारी औषधं वेगळी मिळतात, पण ती टाकूनही किट हिरवंच दाखवू शकतं, कारण किट मोकळा आणि बांधलेला एकत्रच मोजतं.

वाघोलीकर
टेस्टट्यूब यांचं गणित सिंहगड रोडला चालेल. आमच्याकडे टँकर आणि बोअर, पीएच ८.२. त्या पीएचला दीड नव्हे, जवळजवळ नऊ भाग विषारी. तोच १ पीपीएम माझ्याकडे सहापट जहाल. त्यामुळे 'फिल्टर खाईल' यावर मी मासे पणाला लावत नाही. माझा उपाय: बाल्कनीत ४० लिटरचा ड्रम, आधी पाण्यातला क्लोरिन मारायचा, मग टँकमध्ये सहा महिने चाललेला स्पंज फिल्टर त्यात लावून चालू ठेवायचा. चार दिवसांत ड्रमची ट्यूब पिवळी होते. सोबत मनी प्लँटच्या मुळ्या सोडल्यात. वनस्पती अमोनियम सरळ पितात. मुठेतली जलपर्णी बघितलीय ना, ती काय हवेवर माजलीय?

आणि जुनाजाणता काका, तुमच्या एंजलचं मला वेगळंच वाटतं. महिनोन्महिने न बदललेल्या पाण्याचा पीएच उतरत जातो. सहाच्या आसपास गेला की फिल्टरचे जिवाणू सुस्तावतात, अमोनिया साठतो, पण अमोनियम म्हणून, त्यामुळे मासे ठीक दिसतात. त्यात एकदम अर्धा टँक नवं पाणी ओतलं की पीएच वर जातो आणि साठलेलं सगळं तासाभरात विष होतं. सूनबाई निर्दोष आहेत.

जुनाजाणता
सूनबाईंना वकील मिळाला, आनंद आहे. पण २२ वर्षं मासे जगले ते काय माझ्या अज्ञानामुळे?

पाचवा_मजला
सगळे माशांचं बोलताय. नळ म्हणजे कुठला? गच्चीवरच्या टाकीतून येणारा की डायरेक्ट लाइनचा? खडकवासल्याचं पाणी आधी जलकेंद्रातून जातं, मग तुमच्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पडतं. त्या टाकीच्या तळाशी वीतभर गाळ नाही ना, शेजारून ड्रेनेज पाझरत नाही ना, हे कोण बघतं? पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० अमोनियाला ०.५ मिग्रॅ प्रति लिटर एवढीच मर्यादा देतं. तुमच्याकडे त्याच्या दुप्पट. गप्पी राहू देत, घरातले काय पितात?

काचपेटी
हे डोक्यातच आलं नव्हतं. आज गुरुवार, पाणी बंद. उद्या 'उशिरा व कमी दाबाने' आलं की बघतो.

काचपेटी
शनिवार. खाली बागेत माळ्याच्या डायरेक्ट नळाची ट्यूब पिवळी. जमिनीखालच्या टाकीची हिरवी, गच्चीवरच्या टाकीची तितकीच हिरवी. क्लोरिनच्या पट्टीवर डायरेक्ट नळाला रंग येतो, टाकीला शून्य. सेक्रेटरींना तिन्ही ट्यूब नेऊन दाखवल्या. 'माशांसाठी टाकी उपसायची का?' म्हणाले. मग आयएसचा आकडा सांगितला, तेव्हा खुर्ची पुढे ओढली. तोवर पिण्याचं आणि माशांचं, दोन्ही पाणी खालच्या नळावरून कळशीने.

जुनाजाणता
नातवाने हट्टाने माझ्या टँकचा पीएच बघितला. सहा आला. किट जुनं असणार.

वाघोलीकर
काका, बाटलीवरची तारीख बघा. किट चांगलं निघालं तर घाईने पाणी बदलू नका. रोज एक तांब्या काढायचा, एक तांब्या घालायचा, अमोनिया बघत बघत. आणि सूनबाईंना सांगून ठेवा.