मदत हवी आहे: अकाबाला बुडवलेलं विमान बघायला जातोय, नेमकं काय आणि कसं बघू?

वेंगुर्ल्याची_लेक

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं मस्कतला असतो. डायव्हिंगची गोडी तारकर्लीला लागली, आणि आता येत्या थंडीत जॉर्डनला जायचं पक्कं केलंय. नवऱ्याकडे डायव्हिंगचं अ‍ॅडव्हान्स्डचं कार्ड आहे, माझ्याकडे त्याच्या आधीच्या पायरीचं, ओपन वॉटरचं.

जायचं कारण म्हणजे अकाबाच्या समुद्रात 2019 साली मुद्दाम बुडवलेलं लॉकहीड ट्रायस्टार विमान. तीन इंजिनांचं हे मोठं प्रवासी विमान तिथल्याच विमानतळावर कित्येक वर्षं नुसतं उभं होतं. आता ते 15 ते 28 मीटर खोलीवर आहे. दारं काढलेली आहेत आणि आत अजून खुर्च्या आहेत म्हणतात.

पण मला नुसते फोटो काढून यायचं नाहीये. माझं माहेर वेंगुर्ल्याजवळ, घरी मासेमारी. नौदलातून निवृत्त झालेली गुलदार ही नौका निवतीच्या खडकांजवळ बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ करायचं ठरल्यापासून गावात दुसरा विषय नाही. फोन केला की काका एकच विचारतात, "थंय मासळी येतली की आमची जाळी अडाकतली, ता सांग आदी." मला त्यांना ऐकीव उत्तर द्यायचं नाही. बुडवलेल्या गोष्टीवर काही वर्षांनी खरंच जीव धरतो का, हे डोळ्यांनी बघायचंय.

तर, ओपन वॉटरवर मला ते विमान कितपत दिसेल? आत जाऊ देतात का, आणि जावं का? तिथे मी नेमकं काय बघू म्हणजे काकांना चार खात्रीच्या गोष्टी सांगता येतील? आमच्या एजंटने सकाळी दोन डायव्ह आणि दुपारी गाडीने थेट पेट्रा असा बेत आखलाय, तो ठीक आहे ना?

खारं_पाणी

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. तो बेत आजच बदलून घ्या.

डायव्हनंतर 18 तास विमानात बसायचं नाही हे आपल्याला शिकवलेलं असतं. डोंगर मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. अकाबा समुद्रसपाटीला आहे, पेट्रा साधारण हजार मीटरवर, आणि तिकडे जाणारा रस्ता मध्ये त्याहूनही वर चढतो. अंगात विरघळलेला नायट्रोजन अजून बाहेर पडायचा असताना हवेचा दाब असा कमी झाला, तर बेंड्सचा, म्हणजे अंगात वायूचे बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराचा, धोका विमानाइतकाच खरा. वाडी रमचं वाळवंटही उंचावरच आहे. त्यामुळे पेट्रा आणि वाडी रम आधी करा, अकाबा शेवटी. मग एक पूर्ण दिवस कोरडा ठेवा. डायव्हिंग संपवून अम्मानला गाडीने जायचंच असेल, तरी आधी तेवढाच वेळ जाऊ द्या, कारण अम्मानही उंचावर आहे. मृत समुद्राकडचा रस्ता सखल आहे, पण शेवटचा चढ चुकत नाही.

आता विमान. ओपन वॉटरची मर्यादा 18 मीटर, म्हणजे तुम्हाला ते वरून दिसेल, खालचा भाग नाही. तिथेच अ‍ॅडव्हान्स्ड करून घ्या. पाच डायव्हचा कोर्स असतो, त्यात खोल डायव्ह सक्तीचाच, आणि तो ट्रायस्टारवर करता येतो का हे आधी विचारून ठेवा. 28 मीटरवर प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा जवळजवळ चौपट हवा लागते, आणि 30 मीटरचा हिशेब धरला तर डायव्हिंगच्या तक्त्याप्रमाणे खाली राहायला अवघी 20 मिनिटं मिळतात. म्हणून आधी खालचा भाग बघा, मग हळूहळू वर या.

आत जाण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. रेक डायव्हिंगचं, म्हणजे बुडालेल्या जहाजा-विमानांत शिरण्याचं, शिक्षण नसेल तर जाऊ नका. डोक्यावर छत असताना घाबरलात तर सरळ वर येता येत नाही. त्यात पायातल्या फिनचा एक फटका बसला की गाळ उठतो आणि दार कुठे होतं ते दिसेनासं होतं. दारातून टॉर्च मारला तरी खुर्च्यांच्या रांगा नीट दिसतात.

शेवाळ

मी सागरी जीवशास्त्र शिकवते, म्हणून मधल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते. काकांचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे.

तुम्ही फक्त ट्रायस्टार बघून परत येऊ नका. अकाबाला त्याच किनाऱ्यावर तुलना करायला सगळं तयार आहे. सीडर प्राइड हे मालवाहू जहाज 1985 मध्ये बुडवलं. ते पोलादी, एका कुशीवर पडलेलं, आणि आज मऊ प्रवाळांनी भरलेलं आहे. हर्क्युलिस हे लष्करी मालवाहू विमान 2017 मध्ये सुमारे 17 मीटरवर बुडवलं, आणि थोड्याच वर्षांत वादळाने ते मोडलं. तिन्ही बघा, म्हणजे विमान आणि जहाज यांतला फरक आपोआप कळेल.

विमान आकाशात उडायला हलकं केलेलं असतं. पातळ अ‍ॅल्युमिनियम, आत सगळं पोकळ. समुद्रतळावर हाच त्याचा कमकुवतपणा ठरतो. लाटांचा जोर आला की ते हलतं, फाटतं, आणि ज्या पत्र्यावर प्रवाळाने नुकतं बस्तान बसवलेलं असतं तोच पत्रा उलटतो. शिवाय खाऱ्या पाण्यात पोलादी बोल्टला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम भराभर खाल्लं जातं. त्यामुळे बुडवलेलं विमान पर्यटकांना जितकं ओढतं, तितका प्रवाळांना टिकाऊ आधार देतं असं मला वाटत नाही. गुलदार पोलादी जहाज आहे, त्या बाबतीत ती उजवी.

बघायचं कसं? पंखाची वरची बाजू आणि खालची बाजू वेगळी तपासा. वर वाळू आणि शेवाळ साचतं. स्पंज आणि मऊ प्रवाळ बहुधा सावलीच्या, उभ्या किंवा खालच्या पृष्ठभागावर जास्त. मग मासे. मोठेच मासे घुटमळत असतील तर ते आजूबाजूच्या खडपातून नुसते गोळा झालेले असू शकतात. बोटाएवढी पिल्लं फटींमध्ये लपलेली दिसली तर तिथे जागेचा खरा उपयोग होतोय असं म्हणायला आधार मिळतो.

काकांसाठी हाच मुद्दा सगळ्यात मोठा. मासे एका जागी जमले आणि तिथे जाळी टाकायची मुभा असली, तर ते लवकर संपतात, वाढत नाहीत. म्हणजे मासळी येईल का, याच्या आधी त्या जागेभोवती कोणी काय पकडायचं हे कोण ठरवणार, ते गावाने आत्ताच विचारायला हवं. जाळी अडकण्याची भीतीही खरीच आहे. नेमकी जागा नकाशावर आणि बोयाने दाखवलेली नसेल तर ट्रॉलरचं जाळं अडकणारच.

आणि कृत्रिम प्रवाळ म्हटलं म्हणजे काहीही टाकून चालत नाही. फ्लोरिडात 1970 च्या दशकात सुमारे वीस लाख टायर समुद्रात टाकले. बांधलेल्या दोऱ्या तुटल्या, टायर जवळच्या खऱ्या प्रवाळावर जाऊन आपटले, आणि ते अजून पुरते निघालेले नाहीत. इंधन, तेल, वायरी, प्लास्टिक बाहेर काढलं का, हे गुलदारबद्दलही विचारायला कुणी संकोचू नये.

फक्त एक ध्यानात ठेवा. अकाबाचं पाणी नितळ आहे. आपल्याकडे पावसाळ्यात गढूळ, खवळलेलं, आणि एरवीही अन्नद्रव्यांनी भरलेलं. निवतीला बहुतेक आधी कालवं आणि स्पंज चढतील, रंगीत प्रवाळ नव्हे. गोबऱ्याला, तांबोशीला तेवढा आडोसा पुरतो.

वेंगुर्ल्याची_लेक

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! एजंटला फोन केला, पेट्रा आधी घेतलं, अ‍ॅडव्हान्स्डचंही विचारलं. नवऱ्याला आत जायचं होतं, त्याला खारं_पाणी यांचं उत्तर वाचून दाखवलं, तोही आता दारापर्यंतच थांबणार आहे. जाळी आणि बोयाचा मुद्दा काकांना सांगितला. ते म्हणाले, ग्रामसभेत ह्या आपण विचारूचा.

आणखी एक. आमच्याकडे साधा अ‍ॅक्शन कॅमेरा आहे. त्यात पिल्लं आणि स्पंज ओळखू येतील का?

खारं_पाणी

दिवा नसेल तर नाही. 15 मीटरच्या खाली तांबडा रंग जवळपास उरत नाही, सगळं निळसर करडं दिसतं, लाल स्पंजसुद्धा. हातभर अंतरावरून टॉर्चच्या उजेडात फोटो घ्या आणि मापासाठी चौकटीत पाटी धरा. पत्र्याला हात लावू नका, कडा धारदार असतात आणि फटीत विषारी काट्यांचा लायनफिश असतो. थंडीत पाणी 21-22 अंशांपर्यंत उतरतं, म्हणून किमान 5 मिलिमीटरचा सूट सांगून ठेवा. मस्कतच्या सवयीने पातळ सूट घेतलात तर दुसऱ्या डायव्हला कुडकुडाल आणि हवाही लवकर संपेल.