‘अकाथिसिया’ला मराठीत काय म्हणायचं?

चाफेकळी: भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळी बदलल्यापासून तो दिवसभर येरझाऱ्या घालतो, ताटावरून दोन घासांत उठतो. डॉक्टर म्हणाले, अकाथिसिया. आईला सांगायला मराठी शब्द हवाय. मी ‘अस्वस्थता’ म्हटलं, तर म्हणते, ‘अस्वस्थ तर तो आधीपासूनच आहे.’

दगडफूल: चुळबुळ?

चाफेकळी: चुळबुळ वर्गातली पोरं करतात हो. हा रडकुंडीला येतो.

आडवाट: शब्दाची फोड बघा. 1901 साली लादिस्लाव हाश्कोव्हेक या चेक डॉक्टरांनी ग्रीकमधून घडवला. ‘अ’ म्हणजे आपलाच नकाराचा अ, ‘काथिसिस’ म्हणजे बसणं. त्यातला धातू आणि संस्कृत ‘सद्’ सख्खे चुलतभाऊ. सदन, संसद, उपनिषद सगळे त्याच घरातले. थोडक्यात, ‘न-बसणं’. ‘अनासन’ चालेल का?

दगडफूल: अनासन! आई विचारेल, हे कोणत्या योगवर्गात शिकवतात?

रात्रपाळी: मी मानसोपचार वॉर्डात बरीच वर्षं परिचारिका होते. ‘अस्वस्थता’ नकोच, आणि हा नुसता शब्दाचा कीस नाही. नातेवाईक ‘फार अस्वस्थ आहे’ म्हणाले की आजार वाढला असं वाटू शकतं. मग डोस वाढतो, आणि डोसानेच आलेलं असेल तर हेही वाढतं. आम्ही साध्या भाषेत विचारायचो, ‘बूड टेकवत नाही ना? पाय आतून ओढतात का?’ पेशंट लगेच ‘हो’ म्हणायचा. नुसतं फिरणं नाही, फिरल्याशिवाय राहवत नाही ही आतली तगमग महत्त्वाची.

आडवाट: ‘बूड टेकत नाही’! ग्रीकचा शब्दशः अर्थ तोच. अनासन मागे घेतो.

दगडफूल: पण मग हे औषधाचंच म्हणायचं ना, आजाराचं नाही?

रात्रपाळी: या पेशंटमध्ये बहुतेकदा औषधाचं. ही औषधं डोपामिनची, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाची, वाट अडवतात. मेंदूत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे, हालचालींचा लगाम धरणारा. तिथे वाट अडली की हातपाय ताठरतात, कापतात. अकाथिसियाचं नेमकं गणित मात्र अजून वादातच आहे. पण सगळं औषधाच्या माथी मारू नका. पहिलं असं औषध, क्लोरप्रोमाझिन, मानसोपचारात आलं 1952 साली. त्याच्या कितीतरी आधी, 1874 मध्ये, कालबाउम यांनी कॅटाटोनियावर पुस्तक लिहिलं होतं: माणूस पुतळ्यासारखा थिजतो, हात उचलून ठेवला तर तसाच राहतो. एकही गोळी न घेतलेल्या रुग्णांतही हालचालींतले बारीक दोष सापडतात.

आडवाट: ‘अकाथिसिया’ शब्दही त्या औषधांहून अर्धशतकाने थोरला आहे.

दगडफूल: मग स्कॅनमध्ये दिसत असेल की.

रात्रपाळी: सरासरीत दिसतं. 1976 च्या सीटी स्कॅनच्या अभ्यासात, जुनाट स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या इतरांपेक्षा मोठ्या आढळल्या. पण एकट्या माणसाच्या फिल्मवर बोट ठेवून ‘हा स्किझोफ्रेनिया’ असं सांगता येत नाही. आणि अकाथिसिया ओळखायला स्कॅन लागतच नाही, समोर खुर्ची ठेवा. चाफेकळी, गोळी आपल्या मनाने बंद करू नका मात्र. डॉक्टरांना हेच शब्द सांगा. डोस कमी करता येतो, प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळीही देतात.

चाफेकळी: आईला सांगितलं, ‘गोळीमुळे त्याचं बूड टेकत नाहीये.’ थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘आणि मी आठ दिवस त्याला “बस ना मेल्या एका जागी” म्हणून ओरडतेय.’ उद्याची वेळ घेतलीय डॉक्टरांची.