अचानक गेलेलं घरातलं माणूस: तुमच्या आठवणी

रानजाई
काल माळा आवरताना जुन्या कालनिर्णयांची गुंडाळी सापडली, सुतळीनं बांधलेली. २०११ चं उघडलं आणि तिथेच बसले.

भाऊ (माझे वडील) दुधाचा हिशेब कालनिर्णयावरच ठेवायचे. रोजच्या चौकटीत पेन्सिलीनं बारीक '१', पाहुणे असले की '१॥', खाडा असला की फुली. १७ नोव्हेंबरपर्यंत सगळं नीट लिहिलंय. १८ पासून चौकटी कोऱ्या. त्या संध्याकाळी ऑफिसातून आले, चपला काढल्या, "जरा पाणी दे गं" म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले ते बसलेच. ५४ वर्षांचे होते. दुखणं नाही, गोळी नाही.

मग पान उलटलं. डिसेंबरवर त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं: ५ ला 'घरपट्टी', १२ ला 'चिमी परीक्षा फी', २४ ला 'गॅसचा नंबर लावणे'. चिमी म्हणजे मी. त्या वर्षी नोव्हेंबरनंतर भिंतीवरचं पान कोणी उलटलंच नव्हतं. फी मामानं भरली. भाऊंनी ती लिहून ठेवली होती हे मला काल कळलं.

तुमच्याकडेही असं कोणी असेल तर लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

वर्धेकर
पोटात कालवलं वाचून.
आमचे मोठेबाबा. थंडी पडली की स्वतः बाजारातून सांभाराच्या जुड्या आणायचे आणि अंगणात उन्हात बसून निवडायचे. बायका कामात, पोरं शाळेत, आणि हे एकटे एक एक काडी बघतायत. मग मोठ्या आई सांभारवडी करायच्या. गेले ते भर जानेवारीत, झोपेतच. निवडलेला सांभार ओल्या फडक्यात तसाच होता. तेराव्यापर्यंत कोणी त्याला हात लावला नाही.

नाचणी
सांभार म्हणजे?

वर्धेकर
कोथिंबीर हो. आमच्याकडे सांभारच म्हणतात. वडीत खसखस, सुकं खोबरं, चारोळी भरपूर घालायची, कंजूषपणा नाही.

तळ्यातमळ्यात
काकांची चेतक. सकाळी आधी वाकडी करायची, मग चोक, मग किक. तिसऱ्या किकला सुरू व्हायचीच. मी आणि दोन चुलतभाऊ पुढे उभे, काकू मागे बसलेली, डिकीत डबे. शाळेत सोडून मग कामावर. आमच्यातलं कोण सख्खं कोण चुलत हे त्यांच्या वागण्यावरून बाहेरच्याला कळलं नसतं. ते गेल्यावर महिनाभर कोणालाच स्कूटर सुरू करता आली नाही, आणि एक दिवस काकू पदर खोचून खाली आली, वाकडी केली, चोक ओढला, तिसऱ्या किकला सुरू! सगळा वाडा रडला. शेजारच्या आजीसुद्धा.

नाचणी
आमच्याकडेपण चेतक! आजोबांनी नंबर लावला होता, मिळेपर्यंत बाबा कॉलेजात गेले 😄 पेट्रोल भरताना ऑइल विसरलं की ओरडा ठरलेला.

तळ्यातमळ्यात
हो हो. आणि स्टेपनीला काकूनं शिवलेलं रेक्झिनचं कव्हर. स्कूटर भंगारात गेली, कव्हर अजून आहे.

अबोली
माझा नवरा. ४१. तळजाई टेकडीवरून उतरताना कोसळला. माणसं गोळा झाली, कोणी कांदा आणायला पळालं, कोणी पाणी पाजायला बघत होतं. मलाही काही येत नव्हतं, मी नुसती हाका मारत होते. १०८ ला फोन लागला, गाडी आली, उशीर झाला होता.
नंतर मी शिकले, म्हणून इथे लिहितेय. माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, तर १०८ ला फोन करायला दुसऱ्याला सांगा आणि लगेच छाती दाबायला सुरू करा. छातीच्या मधोमध मनगटाकडचा तळवा, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. ५ सेंमी खाली जाईल इतक्या जोरानं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. सगळ्यांनी शिकून घ्या हो.
तो पोळ्या लाटायचा, मी भाजायचे. अजून एकटीनं करताना तव्यावरची करपते.

रानजाई
अबोली, काय लिहू गं. जवळ असतीस तर येऊन बसले असते. आजच शिकून घेते, भावालाही सांगते.

सातासमुद्रापार
भावोजी गेले तेव्हा मी न्यू जर्सीत. पोचलो तिसऱ्या दिवशी, अस्थी घेऊन नरसोबाच्या वाडीला जायच्या वेळी. माझ्या हातात कलश दिला, अजून कोमट वाटत होता, की मलाच तसं वाटलं. दहाव्याला कावळा शिवला नाही. तासभर थांबलो, ताईनं, भाच्यानं, सगळ्यांनी काय काय कबूल करून बघितलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. ताईच्या मनातून ते जात नाही, अजून विचारते, "त्यांचं काय राहिलं असेल रे?"

वर्धेकर
दादा, पितृपक्ष होता का? तेव्हा घाटावरच्या कावळ्यांची पोटं तुडुंब असतात. आमच्या बाबांनाही शिवला नव्हता. ताईंना सांगा, ज्याच्यासाठी अख्खं घर तासभर उन्हात उभं राहतं त्याचं काही राहिलेलं नसतं.

सातासमुद्रापार
पितृपक्षच होता. आज रात्री फोन करतो तिला.

नाचणी
रानजाई, वाडीचं नाव निघालं म्हणून विचारते, तुम्ही मिरजेच्या का? आमचं आजोळ तिथल्याच ब्राह्मणपुरीत.

रानजाई
अगं मिरजच! भाऊ रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात होते.
आईला सगळं वाचून दाखवतेय. वर्धेकरांची वडी तिला दोनदा वाचायला लावली, चारोळी किती ते विचारतेय. डिसेंबरचं पान फ्रेम करू का म्हटलं, तर म्हणाली, फ्रेमबिम नको, स्वयंपाकघरात त्याच खिळ्याला लाव. लावलंय.

वर्धेकर
पावभर खोबऱ्याला मूठभर चारोळी, सांगा आईंना.