सिंहांचा ‘कळप’ म्हणावं का?

शब्दवेडी: वन्य प्राणी एकत्र का राहतात, यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. मुळात सिंहांना ‘प्राइड’, लांडग्यांना ‘पॅक’, हरणांना ‘हर्ड’ आहे. मी तिन्हीकडे ‘कळप’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी सिंहांचा कळप खोडून शेरा मारला, ‘कळप मेंढरांचा असतो.’ मी तर लहानपणापासून सिंहांचा कळपच ऐकत आले. काय लिहू?

जुनापिंपळ: बाईंचं बरोबर आहे. माझी आजी गुरांनाही कळप म्हणू द्यायची नाही. गुरांचं खिल्लार, मेंढरांचा कळप, माकडांची टोळी, पाखरांचा थवा. संस्कृतात ‘यूथ’ आहे, हत्तींचा म्होरक्या तो यूथपती. ‘सिंहयूथ’ लिहा.

निशाचर: ‘सिंहयूथ’ कोण बोलतं हो? आणि हत्तींच्या कळपाची म्होरकी थोरली हत्तीण असते. नर वयात आले की बाहेर पडतात. यूथपती तिथे चुकीचाच ठरतो.

तृणपाते: आधी ते एकत्र का राहतात ते बघा, शब्द आपोआप सापडेल. मी एकदा चरणारी चितळं पाहत होतो. एका मादीने मान वर केली, कान पुढे वळवले, शेपटी उभारली आणि पुढचा खूर जमिनीवर आपटला. क्षणात सगळ्या माना वर! डोळे जास्त, म्हणून प्रत्येकाला निवांत चरता येतं. शिवाय हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडलं की प्रत्येक जनावर आपल्या आणि शिकाऱ्याच्या मध्ये दुसरं कुणी यावं म्हणून आत घुसतं. हा खरा कळप.

सिंहांचं तसं नाही. सिंहिणी एकमेकींच्या बहिणी, मायलेकी, मावशी-भाच्या. एकमेकींच्या बछड्यांनाही पाजतात. बाहेरचे नर येऊन आधीचे बछडे मारतात, तेव्हा एकजुटीने लढतात. नुसत्या शिकारीसाठी एकत्र राहतात हे अर्धंच खरं. मी ‘गोतावळा’ लिहीन.

शब्दवेडी: गोतावळा आवडला! पण मग लांडगे? त्यांची ‘टोळी’ चालेल?

तृणपाते: टोळी म्हटलं की दरोडेखोर येतात. रानातली लांडग्यांची टोळी म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांवरून ‘अल्फा’ची, म्हणजे भांडून वरचढ ठरलेल्या म्होरक्याची, कल्पना रुजली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये ती खोडली, आधी स्वतःच्याच पुस्तकातून पसरवली असूनही.

जुनापिंपळ: टोळी हा शब्द टोळ या किड्यावरूनच आला असणार. टोळधाड बघा ना.

निशाचर: टोळ आणि टोळी केवळ सारखे ऐकू येतात, एवढ्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. कळप मात्र संस्कृत ‘कलाप’वरून. केशकलापातला कलाप, म्हणजे जुडगा. त्यात मेंढरू कुठे आहे? सिंहांचा कळप बिनधास्त लिहा.

जुनापिंपळ: मुळात काय होतं यापेक्षा कानाला काय रुचतं ते महत्त्वाचं.

निशाचर: मग ‘सिंहयूथ’ कुणाच्या कानाला रुचलं?

शब्दवेडी: अहो, मला उद्या लेख द्यायचा आहे. कोल्ह्यांच्या जोडीला काय म्हणू, तेही अजून विचारायचं राहिलंय.