मदत हवी आहे: पार्कात सासऱ्यांना पोलिसाने हटकलं, पिस्तूलवाल्याला नाही (ओहायो)

आम्ही कोलंबसजवळ राहतो. सासूबाई आणि बाबा (सासरे) कराडहून आलेत. बाबांना पहाटे फिरायची सवय. हात मागे बांधून, मध्येच थांबून झाडं-घरं न्याहाळत चालतात. गेल्या आठवड्यात पार्कात एका पोलिसाने त्यांना थांबवलं. 'अनोळखी माणूस घरांकडे बघत फिरतोय' असा कुणीतरी फोन केला होता. बाबांना इंग्रजी जेमतेम. घाबरून त्यांनी पासपोर्टची झेरॉक्स काढायला झटकन खिशात हात घातला आणि पोलिसाचा हात कमरेकडे गेला. शेजारच्या बाई कुत्र्याला घेऊन तिथूनच चालल्या होत्या, त्यांनी ओळख सांगितली म्हणून निभावलं.

त्याच पार्कात एक गृहस्थ कमरेला पिस्तूल लावून, सगळ्यांना दिसेल असं, रोज फेऱ्या मारतात. त्यांना कुणी हटकत नाही. बाबा विचारतात, "त्याला सोडून मलाच का?" मला उत्तर देता येत नाही आणि फार वाईट वाटतं. तेव्हापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत.

जिथे पोरं झोपाळ्यावर असतात तिथे असं पिस्तूल लावून फिरणं चालतं का? मी ९११ला (आणीबाणीच्या नंबरला) फोन करावा का? बाबांना पुन्हा थांबवलं तर नाव सांगणं बंधनकारक आहे का? आणि नवऱ्याचा सहकारी 'शूटिंग रेंजवर चल' म्हणून मागे लागलाय. आम्ही एच-वन (नोकरीचा) आणि एच-फोर (जोडीदाराचा) व्हिसावर आहोत. गेलं तर चालेल का?

प्रतिसाद

ताई, आधी बाबांना सांगा की त्यांचं काहीही चुकलेलं नाही.

ओहायोत उघडपणे पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. राज्याच्या कायद्यामुळे शहरांना आपापल्या पार्कांत वेगळी बंदीही घालता येत नाही. क्लीव्हलंड शहर याविरुद्ध कोर्टात गेलं होतं, २०१० साली राज्याच्या सुप्रीम कोर्टात हरलं. त्याच वर्षी टोलेडोत एक माणूस बायको, मुलगी, नातू आणि कुत्रा घेऊन फिरत होता, कमरेला पिस्तूल. कुणीतरी ९११ला कळवलं, पोलिसाने त्याला बेड्या घातल्या. तो कोर्टात गेला आणि २०१५ मध्ये सहाव्या सर्किटच्या (ओहायो, टेनेसी वगैरे राज्यांसाठीच्या) केंद्रीय अपील कोर्टाने त्याची बाजू धरली: जे बाळगणं कायदेशीर आहे ते नुसतं दिसलं, एवढ्यावरून माणसाला अडवता येत नाही. तुमच्या पार्कातल्या गृहस्थांना पोलीस का हात लावत नाहीत, ते यावरून कळेल.

पण याच कोर्टाने २०१२ मध्ये टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या रॅडनॉर लेक पार्कातल्या प्रकरणात उलटा निकाल दिला होता. तिथला माणूस सैनिकी छापाचे कपडे घालून, एके-४७ च्या घडणीचं पिस्तूल घेऊन फिरत होता, नळीचं टोक खेळण्यासारखं नारिंगी रंगवलेलं. रेंजरने त्याला काही तास अडकवून ठेवलं ते कोर्टाने योग्य ठरवलं. म्हणजे एकंदर परिस्थिती काय, हेही बघितलं जातं.

आता बाबांचं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९६८ च्या 'टेरी' निकालापासून नियम असा की अडवून ठेवायला गुन्ह्याचा वाजवी, सांगता येईल असा संशय हवा. घरांकडे बघणं हा गुन्हा नाही. पोलीस येऊन प्रश्न विचारू शकतो, पण तसा संशय नसेल तर उत्तर न देता पुढे जाता येतं. 'ॲम आय फ्री टू गो?' एवढं वाक्य बाबांकडून पाठ करून घ्या. 'नो' म्हणाला तर तिथेच थांबायचं. तसा संशय असताना पोलिसाने विचारलं तर ओहायोत नाव, पत्ता आणि जन्मतारीख सांगावीच लागते. बाकी प्रश्नांना उत्तर देणं बंधनकारक नाही.

हे झालं कायद्याचं. माझं मत विचाराल तर बाबांनी हक्काची परीक्षा घेऊ नये, नाव सांगून टाकावं. २०१५ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसनमध्ये गुजरातहून मुलाकडे आलेले सुरेशभाई पटेल असेच रस्त्यावर फिरत होते. शेजाऱ्याने फोन केला, ते 'नो इंग्लिश' म्हणत राहिले आणि पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं. त्यांना अर्धवट पक्षाघात झाला. पोलिसावर खटला झाला, तो सुटला. मला आजही ते आठवलं की संताप येतो.

म्हणून खिशात हात अजिबात घालायचा नाही, दोन्ही हात दिसतील असे ठेवायचे, पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. गळ्यात दोरीला प्लॅस्टिकचं पाकीट अडकवा, शर्टाच्या बाहेर दिसेल असं. त्यात ठळक इंग्रजीत नाव, 'मराठी बोलतात, इंग्रजी येत नाही', तुमचा पत्ता, दोघांचे फोन. आय-९४ ची (देशात प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रिंटही त्यातच ठेवा, ती जवळ बाळगणं पाहुण्यांनाही बंधनकारक आहे.

रेंजवर मात्र जाऊ नका. एच-वन, एच-फोर, बाबांचा बी-टू (पाहुण्यांचा), हे सगळे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरते व्हिसा. अशा व्हिसावर बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा फेडरल (केंद्रीय कायद्याचा) गुन्हा आहे, १५ वर्षांपर्यंत शिक्षा. रेंजवर भाड्याने घेऊन हातात धरली तरी ते बाळगणंच. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद आहेत, पण इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. 'माझ्या मित्राला काही झालं नाही' असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

धागाकर्ती

खूप आभार. पाकीट आजच करते. अजून एक विचारते, माझा नऊ वर्षांचा मुलगा आजोबांबरोबर पार्कात काळी प्लॅस्टिकची बंदूक नेतो. चालेल ना?

प्रतिसाद

नाही, ताई. क्लीव्हलंडच्या पार्कात २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये बारा वर्षांच्या तामिर राइसच्या हातात खेळण्यातलीच बंदूक होती. फोन करणाऱ्याने 'बहुधा खोटी असेल' असं सांगितलं होतं, ते पोलिसांपर्यंत पोचलंच नाही. गाडी येऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी झाडली गेली. ती बंदूक पार्कात नेऊच देऊ नका.

९११चं म्हणाल तर पिस्तूल कमरेच्या म्यानात आहे आणि माणूस चालतोय, तर फोन करू नका, मुलांना घेऊन दुसरीकडे जा. हातात काढलं, कुणावर रोखलं, धमकावलं, तर लगेच करा. बोलताना जे दिसलं तेवढंच सांगा: जागा, कपडे, हात कुठे आहेत. 'वाटतं' आणि 'दिसलं' यांची सरमिसळ करू नका.