जुन्या गोव्याचा चिरा आणि पर्यावरणाचा इतिहास

प्रश्न (मांडवीकाठ):
जुने गोवे आणि पणजी येथील इमारतींच्या दगडावरून या परिसराच्या पर्यावरणाचा इतिहास मांडता येईल का? राजवटींविषयी आणि धर्मसंस्थांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. परंतु एवढा दगड आणि चुना आला कोठून, त्यासाठी डोंगर आणि खाड्या यांचे काय झाले, हे फारसे वाचायला मिळत नाही. सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (सडेकर):
जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकेपासून करावी. १५९४ ते १६०५ या काळात बांधलेल्या या चर्चचा गिलावा १९५०च्या दशकात काढला गेला, त्यामुळे तिथे चिरा, म्हणजे जांभा दगडाचा तासलेला ठोकळा, उघडा पाहता येतो. दर्शनी भिंतीत तांबडा, सच्छिद्र जांभा आहे, तर कोरीव कामाचा काळा बेसाल्ट वसईहून समुद्रमार्गे आणलेला आहे. जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही, हे त्याचे साधे कारण.

जांभा ही पावसाचीच निर्मिती आहे. मूळ खडकातील सिलिका प्रदीर्घ काळ पाण्याबरोबर निघून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरली. ताजा चिरा मऊ असतो, म्हणून सहज तासता येतो, आणि हवा लागली की कठीण होतो. मात्र त्याच्या छिद्रांतली माती पावसाने धुपते, आणि गोव्यात तर वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. भिंतीला बोट लावल्यास कडेची तांबडी भुकटी हाताला लागते. गिलावा हेच या दगडाचे छत्र होते आणि ते काढणे हा माझ्या मते गंभीर प्रमाद होता.

प्रतिसाद (शिंपी खाडी):
चुन्याला विसरू नये. तो शिंपले भाजून केला जाई. म्हणजे प्रत्येक पांढऱ्या भिंतीमागे खाडीतले शिंपले आणि भट्टीत जळलेले सरपण, दोन्ही आले. खिडक्यांच्या तावदानांत बसवलेले चपटे, अर्धपारदर्शक शिंपलेही खाड्यांतलेच. झुवारी नदीच्या मुखाजवळ चिखलीच्या उपसागरात ते आजही सापडतात. दगडाइतकाच हा पुरावा महत्त्वाचा आहे, किंबहुना मला तो अधिक बोलका वाटतो.

प्रतिसाद (सडेकर):
अगदी मान्य. एक सावधगिरी मात्र बाळगावी. रोगराईने जुने गोवे ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्या काळात जुन्या गोव्यातील पडक्या वास्तूंचा दगड पणजीतील बांधकामांसाठी नेण्यात आला. त्यामुळे पणजीतील जुनी भिंत दिसली की तिच्यासाठी नवी खाण काढली गेली, असे लगेच धरू नये.

चिऱ्याच्या कडा पाहाव्यात. हाताने तासलेल्या चिऱ्यावर तिरके, कमीअधिक खोल घाव असतात, तर यंत्राने कापलेल्यावर पात्याच्या समांतर रेषा. यंत्रे आल्यावर सडे, म्हणजे जांभ्याची सपाट पठारे, किती वेगाने खोदले गेले, हे पाहायचे तर चिरेखाणींकडेच जावे लागेल. सड्यावर पावसाळ्यात फुलणारी रानफुले आणि तिथून जमिनीत मुरणारे पाणी हेही या इतिहासाचाच भाग आहेत, आणि खाण पडली की दोन्ही जातात. उरतो तो पावसाने भरणारा खोल, उभ्या कडांचा खड्डा. जुन्या खाणींच्या जागा स्थानिक वृद्धांना विचारून नकाशावर नोंदवाव्यात.